अत्तरवाल्याचं एकसंध अंगण

राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. त्याच्या राज्यातल्या एका गावात एक अत्तरवाला राहत होता. माणूस भला, पण भलताच चोखंदळ. पोळीवर जरा मोठा डाग दिसला की ताट बाजूला सारायचा. धोतराला चुणी पडली की गावाला जायचं रद्द करायचा. बायकोने कसं निभावलं, तिचं तिलाच ठाऊक.

त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही परगावचे, बडे. आता अत्तरवाल्याला घोर लागला तो अंगणाचा. अंगण मातीचं, खड्ड्याखुड्ड्यांचं, आणि मांडव तर तिथेच पडायचा. ते पाहून व्याह्यांनी नाक मुरडलं तर काय घ्या.

"फरश्या घालून घ्या," बायको म्हणाली. "शेजारच्या कासारभावोजींनी घातल्यात तशा. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते."

"फरशी म्हटली की सांधे आले," अत्तरवाला म्हणाला. "सांध्यात गवत येतं, मुंग्या येतात. मला चुन्याचा कोबा हवा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध. मध्ये एक रेघ दिसता कामा नये."

"अहो, पण नांदतं घर आहे. कधी काय उकरावं लागेल, सांगता येतं का?"

"अंगण आहे ते, रताळ्याचा वाफा नव्हे."

झालं, विषय संपला. चुना आला, विटांचा चुरा आला, गुळाचं पाणी आलं. सगळं कालवून अंगणभर ओतलं आणि बायकांनी ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी चोपून चोपून घट्ट केलं. आता हा कोबा ओला ठेवायचा आणि मुरेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. अत्तरवाला काठी घेऊन उंबऱ्यात ठाण मांडून बसला. चिमणी उतरली की काठी. शेळी डोकावली की काठी. दुकान बंद, घरची माणसं मागच्या दाराने. व्याह्यांचा माणूस निरोप घेऊन आला, तर त्यालाही म्हणाला, "तिथूनच बोला." तो बिचारा रस्त्यावरून ओरडला, आणि मानपानात कुणाला कसलं लुगडं हवंय ते साऱ्या आळीला कळलं.

पण कोबा झाला मात्र फर्मास. अत्तरवाला धोतर सावरत त्यावरून हलक्या पावलांनी फिरायचा आणि स्वतःशीच हसायचा.

लग्न जवळ आलं. आपल्याकडे मांडव घालण्याआधी शुभ वेळ पाहून त्याचा पहिला खांब दाराशी जमिनीत रोवतात. तीच मुहूर्तमेढ. ठरल्या सकाळी गुरुजी आले, मुलीचा मामा आंब्याचे डहाळे बांधलेला खांब खांद्यावर घेऊन आला, सवाष्णी हळदकुंकू घेऊन जमल्या.

"खड्डा कुठे काढलाय?" गुरुजींनी विचारलं.

सगळ्यांनी खाली पाहिलं. मग सगळ्यांनी अत्तरवाल्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"घंगाळात वाळू भरून त्यात उभा केला तर?" तो म्हणाला.

"मुलीचा संसार घंगाळात थाटायचा आहे का?" गुरुजी म्हणाले. "मेढ जमिनीत हवी. आणि वेळ टळत चाललीय."

मामा या पायावरचा भार त्या पायावर टाकू लागला.

"मग फोडू या ना थोडा कोबा," बायको म्हणाली.

"फोडायचा?" अत्तरवाल्याने असं विचारलं, जणू कुणी त्याचं नाक मागितलं होतं.

कासार कुंपणापलीकडून ऐकत होता. तो मनाचा मोठा. म्हणाला, "माझ्या अंगणात रोवा. एक फरशी उचलायची, मेढ रोवायची. कार्य झालं की फरशी पुन्हा जागच्या जागी. मांडव आमच्या दारात पडेल, एवढंच."

अत्तरवाला चटकन हो म्हणणार होता. तेवढ्यात मुलगी पुढे आली.

"चालेल, बाबा," ती खाली मान घालून म्हणाली. "मी कासारकाकांच्या दारातून सासरी जाईन. तुमच्या अंगणाला तडा नको."

ती चिडली असती तर त्याने वाद घातला असता. पण ती चिडली नव्हती. तिने मनापासून सांगितलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना. पोटच्या पोरीची पाठवणी शेजाऱ्याच्या दारातून करायची, आणि आपण मात्र कोबा राखत बसायचं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो आत गेला, पहार घेऊन आला आणि चोख धोतरानिशी घाव घालू लागला. कोबा फर्मास झाला होता, हीच तर पंचाईत. दोन-चार घावांनी नुसता टवका उडाला. मग कासाराने कुंपण ओलांडून हात लावला, मामाने खांब भिंतीला टेकवून हात लावला, गुरुजींनी मंत्र थांबवून घाई केली. शेवटी खड्डा पडला आणि त्यातून तडा निघाला तो थेट उंबऱ्यापर्यंत गेला. मेढ मात्र वेळेत रोवली गेली.

लग्न थाटात झालं. मुलगी बापाच्याच दारातून सासरी गेली. व्याह्यांनी अंगणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सारा वेळ जिलबीकडे पाहत होते.

पाठवणीचे डोळे सुकतात न सुकतात, तोच अत्तरवाल्याने गवंडी बोलावला आणि उरलेला कोबा काढून फरश्या बसवायला लावल्या. कासाराने कुंपणावरून विचारलं, "काय हो, सांधे चालतात वाटतं आता?"

"चालवून घ्यायचे," अत्तरवाला म्हणाला. "धाकटी अजून उजवायची आहे."

म्हणून बाळगोपाळांनो आणि थोरामोठ्यांनो, शोभेसाठी घर इतकंही घट्ट करू नये, की घरच्याच मंगलकार्याला त्यात जागा उरणार नाही.