मघापेक्षा गोड

एका डबक्यात जिवाणू बहिणीबहिणींचं भलंमोठं कुटुंब राहत होतं. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदूचा तर पत्ताच नाही! तरी कुणाचं काही अडत नसे. थोडं पोहायचं, पाणी चाखायचं आणि स्वतःला विचारायचं, “मघापेक्षा गोड?” गोड असेल तर सरळ पुढं. नसेल तर एक कोलांटी मारून दुसरी वाट. आणि एकदा ताडून पाहिलं, की मागची चव विसरायची, ही त्यांची घरची रीत.

एकदा डबक्यात पिकलेलं जांभूळ पडलं. सगळ्यांनी रसावर ताव मारला. चार दिवसांत जांभूळ संपलं, तशा बहिणी नव्या वाटेला लागल्या.

एक गोडघाशी मात्र ती चव विसरेना. पाणी चाखलं, की ती म्हणे, “छे, त्या रसाची सर नाही!” की मारली कोलांटी. पुन्हा चाखलं, पुन्हा कोलांटी. नाक असतं तर तिनं मुरडलंही असतं. दिवसभर गरगरून ती बिचारी होती तिथंच राहिली. अंगातलं बळ सरत आलं. आता आपण उपाशी मरणार, या भीतीनं ती रडवेली झाली.

तेवढ्यात तिची जुळी बहीण तिथून चालली होती.

“अगं, तू पोहतेयस कुठं? नुसती गरगरतेयस!”

“काय करू? तसं गोड पाणी कुठंच नाही गं.”

“नसेना का! मघापेक्षा बरं आहे का, एवढंच विचार. ही बघ मी निघाले.”

गोडघाशीनं मन घट्ट केलं आणि एक घोट चाखला. पाणी फिकंच होतं, पण मघापेक्षा किंचित गोड होतं. ती सरळ पुढं गेली. पुढचा घोट आणखी जरासा गोड लागला. मध्ये दोनदा वाट चुकली, दोनदा कोलांटी मारली. पण घोटामागून घोट घेत ती पलीकडच्या काठाला पोचली. तिथं एक फुटलेलं उंबर पाण्यात पडलं होतं आणि बहिणींची पंगत बसली होती. ती पोटभर जेवली. तिच्या जिवात जीव आला.

जुळीनं हसून विचारलं, “काय गं, त्या रसाइतकं गोड आहे का?”

गोडघाशी घास गिळत म्हणाली, “कुठल्या रसाइतकं?”

जिवाणूंच्या रीतीप्रमाणे संध्याकाळपर्यंत एकीच्या दोघी झाल्या.

तात्पर्य: सरलेल्या सुखाशी तुलना करणारा जागच्या जागी फिरतो, मघापेक्षा बरं आहे का, एवढं पाहणारा पुढं जातो.