चिंचेवरचं फुकट घर

फार पूर्वी, पाखरांचीही मोठमोठी शहरं होती तेव्हाची ही गोष्ट. एक शहर वडावर होतं आणि दुसरं नदीपलीकडच्या चिंचेवर. वडावर राहायचं तर पहारा करणाऱ्या कोतवाल पक्ष्याला रोज तीन किडे द्यावे लागत. चिंचेवर राहणं फुकट होतं.

"रंभे, महिन्याचे नव्वद किडे वाचतील!" गेनू बुलबुल बायकोला म्हणाला. "इथे साप तरी कधी दिसलाय का? चल, उडूया!"

दोघं हरखून चिंचेवर आली. ऐसपैस फांदी मिळाली, घरटं झालं, रंभेनं तीन अंडी घातली. पण शेजारी कोणी बोलेना. जो तो आपल्याच अंड्यांवर डोळ्यांत तेल घालून बसलेला. रंभेलाही घरटं सोडवेना. आठ दिवसांत ती पार वाळली.

नवव्या दिवशी एक धामण बुंध्यावरून वर सरकू लागली.

"धावा! धामण आली!" गेनू जिवाच्या आकांतानं ओरडला.

जो तो आपल्या अंड्यांना आणखीच बिलगला. मग शेजारची साळुंकी झेपावली. तिच्यामागून दयाळ आला, चिमण्या आल्या. सगळ्यांनी चोचींचा असा मारा केला, की धामण धपकन खाली पडली आणि गवतात पळाली. झाडावर एकच जल्लोष झाला!

"आता पाळीपाळीनं पहारा करू," रंभा म्हणाली. "पहारेकऱ्याला प्रत्येकानं रोज चार किडे द्यायचे."

"चार? वडापेक्षा महाग!" साळुंकी म्हणाली.

"मी पाच देतो!" गेनू आनंदानं ओरडला. "आजचा पहारा साळुंकीताईंचा. रंभे, तू जा, पोटभर खाऊन ये."

आणि रंभा पंख पसरून नदीकडे झेपावली.