कपारीतला उजेड

समुद्राकाठी वसलेल्या एका गावात दोन जावा राहत होत्या. थोरली कुंदा, धाकटी हेमांगी. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरण्याची विद्या दोघींनी एकदमच घेतली होती. आता त्या पाहुण्यांना खालचा समुद्र दाखवत. कुंदा पुढे पोहायची, हेमांगी सगळ्यांत मागे. दोघींचं सूत इतकं जमलेलं, की पाण्याखाली नुसत्या हाताच्या खुणांवरही त्या एकमेकींची थट्टा करत.

एकदा साताऱ्याचे बाबर सर आले. चित्रकलेचे शिक्षक. पाण्याखाली उतरण्याचं रीतसर शिक्षण घेऊनच आले होते.

"खोल गेलं की लाल रंग दिसेनासा होतो, सगळं निळं-करडं वाटतं म्हणतात," ते म्हणाले. "पण टॉर्च मारला की तो परत दिसतो. मला तो एकदा डोळ्यांनी बघायचाय."

"मग तुम्हाला खालच्या खडकातल्या कपारीत नेते," कुंदा म्हणाली. "तिथे भिंतीवर पोवळी आहेत."

कपारीत भर दुपारीही अंधार. आणि दोघींच्या जुन्या टॉर्चमध्ये पाणी शिरलेलं. म्हणून जावा पिंटोकाकांच्या दुकानात गेल्या.

पिंटोकाकांनी दोन टॉर्च पुढे ठेवले. एक मोठा, चकचकीत, मुठीत जेमतेम मावणारा. तो लावताच अख्खं दुकान उजळलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकली. "वा, कुंदाताई! हा तर समुद्राचा तळ घरी घेऊन येईल!" कोणीतरी म्हणालं. दुसरा टॉर्च लहान होता. भिंतीवर त्याचा वाटीएवढा ठिपका पडला, बस्स.

हेमांगी म्हणाली, "काका, एक बादली पाणी द्या. आणि दार जरा ओढून घ्या."

तिने पाण्यात मूठभर माती कालवली. मोठा टॉर्च बुडवून लावला. पाणी दुधासारखं पांढरं झालं, बादलीचा तळ काही दिसेना. मग लहान बुडवला. सुईसारखा बारीक झोत गढूळ पाणी कापत थेट तळाला टेकला. ओल्या बोटांनी बटण दाबलं जातंय का, पट्टा मनगटात घट्ट बसतोय का, तेही तिने पाहिलं.

"वयनी, आपल्याकडचं पाणी असं," ती म्हणाली. "दोघींना हाच घेऊया."

कुंदालाही ते दिसलं होतं. पण दाराबाहेरची माणसं अजून उभी होती. "अगो, गढूळ पाण्यालाच जास्त उजेड लागतो," ती मोठ्याने म्हणाली. "आणि पुढे मी असते. माझा टॉर्च मोठाच हवा!"

हेमांगीने लहान घेतला, कुंदाने मोठा.

दुसऱ्या दिवशी तिघं कपारीत शिरले. पुढे कुंदा, मधे सर, मागे हेमांगी. कपारीच्या तोंडाजवळ पाणी नितळ होतं. मोठ्या टॉर्चने सगळं लख्ख दिसलं आणि कुंदा मनातल्या मनात फुलली. पण आत वळताना सरांचा पाय तळाला लागला. वाळूचा लोट उठला.

कुंदा मागे वळली. समोर पांढरी भिंत. सर नाहीत, हेमांगी नाही. तिने उजेड वाढवला. भिंत आणखी पांढरी झाली. स्वतःचा हातसुद्धा दिसेना. माझ्या भरवशावर आलेला माणूस कुठे गेला?

आता काय करायचं ते तिला कळत होतं, पण हात धजत नव्हता. एवढ्या हौसेने घेतलेला टॉर्च, आणि तोच विझवायचा? शेवटी तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

अंधार झाला. तिने डोळे उघडले. दूर, वाळूच्या पलीकडे, उजेडाची एक बारीक रेघ संथपणे गोल फिरत होती. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ, "सगळं ठीक आहे." हेमांगी! कुंदा त्या रेघेच्या रोखाने पोहत गेली. हेमांगीने सरांचा हात धरून ठेवला होता. कुंदाने दोघांचे खांदे चाचपून पाहिले, तेव्हा तिचा श्वास ताळ्यावर आला.

तिघं तिथेच स्थिर राहिले. हळूहळू वाळू बसली. हेमांगीने झोत भिंतीवर टाकला, आणि करड्या दगडावर कुंकवासारखा लाल रंग उमटला! शेजारी शेंदरी, त्याखाली पिवळा. सर इतके हसले, की त्यांच्या तोंडातून बुडबुड्यांचा धबधबा सुटला. ते बघून जावाही हसायला लागल्या.

वर आल्यावर होडी चालवणाऱ्या तांडेलाने तिघांना हात देऊन आत घेतलं. मास्क काढताच कुंदा म्हणाली, "सर, आज चूक माझी झाली. टॉर्च मी समुद्रासाठी नाही घेतला, बघणाऱ्यांसाठी घेतला. बादलीत मलाही दिसलं होतं."

सर म्हणाले, "ताई, मी जरा घाबरलो खरा. पण तो लाल बघितला ना, सगळं विसरलो!"

कुंदा हेमांगीकडे वळली. "पुढच्या फेरीला पुढे तू चल गो. मी मागून येते."

"वयनी, मागे राहिलं की वाळू खावी लागते हां!" हेमांगी म्हणाली.

"खाईन की!" कुंदा खदखदून हसली.

विश्रांतीनंतर तिघं पुन्हा उतरले. हेमांगीने एका फटीत झोत धरला. आत बसलेल्या ऑक्टोपसने डोळा मिचकावला, अंगाचा रंग बदलला, आणि सरांच्या मास्कवर काळ्या शाईची एक फुंकर मारून तो पसार झाला. होडीत येईपर्यंत तिघांचं हसू थांबलं नाही.

तात्पर्य: वस्तू निवडताना ती जिथे वापरायची ती जागा डोळ्यांपुढे ठेवावी, बघणाऱ्यांचे चेहरे नव्हेत, आणि निवड चुकली तर ती बाजूला ठेवायला लाजू नये.