तीन कार्बनांचं रिंगण

कार्बनच्या अणूंचं एक गाव होतं. तिथे प्रत्येकाला चार हात, आणि एकही हात रिकामा ठेवायचा नाही अशी रीत. गावाच्या कडेला तिघं भावंडं राहायची: थोरला भिवा, मधली सगुणा आणि धाकटा रावजी.

भावंडं आपल्यापासून दुरावतील, ही एकच धास्ती भिवाला होती. म्हणून त्याने तिघांचं घट्ट रिंगण केलं. प्रत्येकाचे दोन हात भावंडांच्या हातात, उरलेल्या दोन हातांत हायड्रोजनची चिमुकली पोरं. शेजारी सहा जणांचं रिंगण होतं, ते कसे ऐसपैस बसायचे! इथे तिघांतच गोल पुरा करायचा म्हटल्यावर हात वाकडे झाले, खांदे भरून आले. तरी भिवाचा तोरा असा, की आमच्यासारखी एकी शोधून सापडायची नाही.

हात मोकळा नसल्याने दाराशी आलेला पाहुणा तसाच माघारी जाई. पुढे कुणी येईनासंच झालं. तिघं एकमेकांना चिकटून बसत आणि आपापलं दुखणं सोसत. इतक्या जवळ असूनही प्रत्येक जण अगदी एकटा होता.

एकदा लालसर तपकिरी रंगाचे दोन ब्रोमीन भाऊ आले.

"आम्हाला थारा द्या," ते म्हणाले. "दोघं दोन टोकांना राहू."

"आमच्या घराला टोकं नाहीत. निघा!" भिवा गुरकावला.

तेव्हा रावजी हळूच म्हणाला, "दादा, माझा हात सोड रे. आता सोसवत नाही."

भिवाने विचारलं, "सोडला तर तू माझा राहशील का?"

बिचाऱ्या रावजीला तरी काय ठाऊक!

भिवाने धाकट्याचा वाकडा झालेला हात पाहिला, डोळे मिटले आणि सोडून दिला. रिंगण फटकन उघडलं. एक ब्रोमीन भिवाला बिलगला, दुसरा रावजीला, आणि दोघांचा तो लालसर रंगही उतरला. रावजी मात्र पार दुसऱ्या टोकाला गेला होता. भिवाला रडू कोसळलं. इतकं सुनंसुनं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"दादा, मी आहे ना मधे," सगुणा म्हणाली. "एका हाताने तुला धरलंय, एकाने त्याला."

भिवाने भीत भीत तिचा हात जरासा ओढला. थोड्या वेळाने पलीकडून तसाच हलका हिसका आला. तो रावजीचा होता.

तात्पर्य: आपल्या माणसाला दुखेल इतकं घट्ट धरू नये. हात सोडावा लागला, तरी नातं तुटतंच असं नाही.