वारिंगाची शेवटची बाटली

ऑस्ट्रेलियात जिथं तिथं आपापल्या बिअरचा अभिमान. वारिंगा गावालाही होता. तर गावचा बिअरचा कारखाना एका बड्या कंपनीनं घेतला. कंपनीचा प्रेस्टनसाहेब आला, कामगारांना गुत्त्यात जमवलं, स्वतःच्या पैशानं एकेक पेला पाजला अन् म्हणाला, "कारखाना आजपासून बंद. बिअर शहरात होईल, नाव मात्र वारिंगाच. अहो, लोक चव कुठं पितात? लेबल पितात!"

माणसं माना खाली घालून बसली. पोटापाण्याचं काम तर गेलंच होतं, आता गावाचं नावही चाललं.

तिकडची रीत अशी, की ज्यानं पाजलं त्याला उलट पाजायचं, अन् त्यानं नाही म्हणायचं नाही. चाळीस वर्षं बिअर उकळणारा म्हातारा आल्फी उठला. आतून वारिंगाची तपकिरी बाटली आणून त्यानं साहेबापुढं ठेवली. साहेबानं घोट घेतला अन् सगळ्यांदेखत थुंकला.

"अरे, हे तर टाकीतलं पाणी!"

"असेल. पण लेबल वारिंगाचंच आहे ना, साहेब? प्या की."

कारखाना काही वाचला नाही. पण ज्या नावावर सगळ्यांदेखत थुंकला, ते शहरातल्या बाटलीवर चिकटवायला साहेब धजला नाही. ते नाव अजून तिथंच आहे, बंद कारखान्याच्या गंजक्या फाटकावर.