उद्या डोळा काढते

वाळवंटातले उंट गप्पा मारायचे तेव्हाची गोष्ट. गाडीवाटेवरच्या वाळूत एक माळढोकीण आपलं एकुलतं अंडं उबवत होती. तिच्या जातीची पाखरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

सांडणी, म्हणजे तिथली एक उंटीण, धावत आली. “अगं बाई, गावातली चितारीण केसरबाई वेशीच्या भिंतीवर तुला काढतेय. म्हणाली, ‘डोळा उद्या काढते!’”

“माझा डोळा?” माळढोकिणीने डोळे गच्च मिटले, पण ती अंड्यावरून हलली नाही.

सकाळी गावचे गाडीवान भिंतीपाशी थबकले. गेरूचं माणसाएवढं पाखरू, अन् काळ्याभोर डोळ्यात इवलंसं अंडं!

“एवढं देखणं पाखरू असतं कुठं?”

“तुमच्याच चाकांपुढे बसलंय, बाबांनो,” केसरबाई म्हणाली.

सगळ्या गाड्या लांबच्या वाटेने वळल्या.

“सांडणे, माझे डोळे तर जागेवरच आहेत!”

“काढला तुझा,” सांडणी हसली, “उघडले गावाचे.”