पहिल्या पाळीचं पाणी

एका राज्यात तळ्याचं पाणी पाळीनं सुटत असे. पहिली पाळी राजवाड्याची, शेवटची खालच्या रानाची. राजा भद्रसेनाच्या पणजोबानं जलदेवतेकडून सोन्याची बाग हिसकावून आणली होती. पहिल्या पाळीचं कितीही पाणी प्याली तरी त्या बागेची तहान भागत नसे.

एके वर्षी तळं तळाला गेलं, आणि बाग नेताना जलदेवतेनं दिलेला शाप फळला. राजकन्या मृणालिनी पायांपासून दगड होऊ लागली. काठावरची टिटवी बोलली, "राजा, राज्य मुळापासून बदल. तळं आटलं की लेक गेली."

राजानं जाणत्यांना बोलावलं.

"साधन बदला, महाराज," जादूगार त्र्यंबक म्हणाला. त्यानं मंत्रानं चांदीची मोट घडवली. ती दहा मोटांचं पाणी एका दमात ओढी. तळं आणखीच खाली गेलं आणि दगड गुडघ्यांवर चढला.

"कायदा बदला," प्रधान म्हणाले. दवंडी पिटली, प्रजेनं निम्मंच पाणी घ्यावं. बिचाऱ्यांनी मुकाट घेतलं. उरलेलं बाग पिऊन गेली, आणि दगड कमरेला आला.

"मन बदला," तपस्विनी अरुंधती म्हणाली. सगळ्या राज्यानं उपास केला, राजानंही केला. बाग डोलतच होती. दगड गळ्याशी पोचला.

यात लबाड कुणीच नव्हतं हो! तिघंही पोटतिडकीनंच सांगत होते.

राजा लेकीपाशी मटकन बसला. "बाळ, आम्ही सगळं बदलून पाहिलं."

"आबासाहेब," ती कशीबशी म्हणाली, "पहिली पाळी अजून आपलीच आहे ना?"

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत गेला आणि बागेचं दार त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं. प्रधानांनी हुकूम लिहिला, पहिली पाळी खालच्या रानाची, शेवटची वाड्याची. त्र्यंबकानं मोटेचं पाणी तिकडे वळवलं. अरुंधती राजाचा हात धरून उभी राहिली, कारण पूर्वजांची बाग सुकताना बघणं सोपं नव्हतं.

सोन्याचं शेवटचं पान गळलं आणि शाप सुटला. त्यानंतर ते तळं कधी आटलं नाही.

त्याच दिवशी मृणालिनी धावत खालच्या रानात आली, तहानेनं व्याकूळ. तिच्यामागून आलेल्या राजाच्या हातात रिकामा तांब्या होता. वाड्याची पाळी यायला अजून दोन दिवस होते. तो काही मागेना.

धुळीनं माखलेल्या एका म्हातारीनं आपली घागर उचलली.

"ये गं लेकी," ती म्हणाली, "आधी तू पी."